सहानंतरचा घास

आमच्या ह्यांनी साठाव्या वर्षी उपास धरला, तो काही अल्लासाठी नाही. रमजान जवळ आला की ह्यांना दर वर्षी नेमकं पित्त आठवतं. हा उपास फोनसाठी होता.

झालं काय, एप्रिलमध्ये ह्यांच्या शाळेच्या वर्गमित्रांचा मेळावा होता. त्यात तो सेयतखान आला. ज्याला आम्ही जन्मभर पिंपासारखा बघितला, तो एकदम काटकुळा होऊन. सगळ्या बायका त्याच्या शेजारी उभ्या राहून फोटो काढायला लागल्या. आमचे हे, सापारगाली, अर्ध्या तराझ शहराला गाडी चालवायला शिकवलेला माणूस, कोपऱ्यात कोकराची फासळी चोखत बसले होते. घरी आले, आरशासमोर उभे राहिले, पोट आत ओढलं, श्वास सोडला. पोट परत आलं. दुसऱ्या दिवसापासून सोळा तास उपास आणि आठ तास जेवण.

"सकाळी दहाला खिडकी उघडते, संध्याकाळी सहाला बंद होते," हे मला समजावायला लागले.

"कुठली? स्वयंपाकघरातली?"

"अगं झामाल, जेवायची खिडकी. त्या वेळेत मोजून मापून खायचं. बाकी वेळ नुसतं पाणी नाहीतर कोरा चहा."

मोजून मापून म्हणे! दोन हजार कॅलरी ठरवून दिल्या होत्या फोनने. ह्यांनी बाजारातून वजनकाटा आणला, तोही सोनाराकडे असतो तसला बारीक. सकाळी दहाला फोनमधला कोंबडा आरवला की चार अंडी, लोणी आणि घोड्याच्या मांसाची कझी. कझीच्या चकत्या काट्यावर ठेवायच्या आणि मग त्यातून वरच्या आतड्याचं वजन वजा करायचं. मला म्हणाले, "आतडं पचत नाही, ते कशाला धरायचं?" पावाला मात्र हात नाही. पाव म्हणजे विष. आमच्या घरात पावाचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावतात, आणि हा माणूस पावाकडे साप बघावा तसा बघायचा. पण दुपारी बेशबर्माक केलं की त्यातल्या कणकेच्या चौकोनी पोळ्या दोन ताटं खाऊन मोकळा. म्हटलं, ही कणीक नाही का? तर म्हणे, "ती पाण्यात उकडलीये. पाण्यात कॅलरी नसतात." कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, ते तर मोजायचंच नाही. जे चावावं लागत नाही ते जेवण नाही, असा ह्यांचा कायदा.

आणि पावणेसहा वाजले की घरात पळापळ. "पंधरा मिनिटं राहिली गं!" असं ओरडत हे फ्रिजसमोर उभे. भूक नसायची, पण पुढचे सोळा तास डोळ्यांसमोर दिसायचे. थंडगार मांस, साय, कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या, भाच्याच्या पोराने अर्धं टाकलेलं चॉकलेट, जे हाताला लागेल ते. सहाची घंटा वाजायची तेव्हा तोंड भरलेलं. मग चावायचं थांबवून माझ्याकडे बघायचे, जणू मी पंच आहे.

दोन महिन्यांत दीड किलो वाढले. "स्नायू आहेत," म्हणाले.

पण एक दिवस चुकला नाही हो, ते मात्र खरं. चारशे पुरुषांचा एक कंपू होता फोनवर, त्यात रोज हिरवी खूण टाकायची. शंभर हिरव्या खुणा झाल्या की सोन्याचं खोगीर मिळतं. खरं नव्हे, चित्र. त्या चित्रासाठी हा माणूस एकसष्ट दिवस संध्याकाळी सहानंतर तोंड शिवून बसला होता.

आणि बासष्टाव्या दिवशी आमच्याकडे व्याही आले.

आमची अक्मारल एकतीस वर्षांची आहे, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. किझिलोर्दाच्या बेक्झातशी तिचं तीन वर्षांपासून जमलेलं. मुलगा तेलविहिरीवर असतो, गुणी आहे. अडचण होती ती त्याच्या आईची. शारबानूबाईंना किझिलोर्दाचीच सून हवी होती. तराझच्या मुली जिभेने तिखट असतात, असं त्या म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. खरं असेल, पण म्हणून बोलायचं? वर्षभर बेक्झात आईच्या मागे लागला, तेव्हा कुठे ती दोघं नवराबायको आमच्याकडे यायला तयार झाली.

आमच्यात लग्न पक्कं होतं ते अंगठीने नाही, कुइरुक-बाउरने. मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि कलेजी उकडून, पातळ कापून ताटात घ्यायची आणि व्याह्याने व्याह्याला स्वतःच्या हाताने भरवायची. ती पोटात गेली की आभाळ कोसळलं तरी लग्न मोडत नाही. आणि ताट पुढे आल्यावर कोणी तोंड फिरवलं तर तो नकार. आमच्या गल्लीतल्या झुमाकुलच्या व्याह्याला ऐनवेळी मळमळायला लागलं, बिचाऱ्याने खरंच खाल्लं नाही. ती मुलगी अजून घरात आहे.

व्याही दुपारी एकला पोचणार होते. हिशेब बरोबर बसत होता. पण ह्यांना धीर कुठला? सकाळीच ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या पाया पडायला लागले. दामेत्केन अपा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, घरात त्यांच्या शब्दापुढे कोणाची टाप नाही.

"अपा, मेंढा आत्ताच कापून ठेवू या का? शेपटी उकडलेली असली की पाहुणे आले रे आले की ताट पुढे."

"आणि मेंढ्याला दुआ कोण देणार? तुझा फोन?"

आमच्याकडे जिवंत मेंढा पाहुण्यांसमोर उभा करतात. पाहुण्यांनी हात उघडून दुआ दिली की मगच सुरी. आधी कापलेलं मांस म्हणजे शिळ्यात जमा. अपांनी ह्यांना असं काही झापलं की हे अंगणात जाऊन मेंढ्याशेजारी उभे राहिले. दोघांची तोंडं सारखीच उतरलेली.

व्याही आले साडेचारला. तुर्सिनबेक व्याही स्वतः रेल्वेचं इंजिन चालवतात, आणि त्यांचीच गाडी साडेतीन तास उशिरा. मिठ्या मारून झाल्या, ख्यालीखुशाली झाली, मेंढ्याला दुआ दिली गेली. मेंढा कापून, शेपटी कढईत पडेपर्यंत पाच वाजले. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे घड्याळाकडे बघत होते.

मग जेवायला दस्तरखानावर बसलो, आणि जे सुरू झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

एकीकडे आमचे हे. खिडकीचा शेवटचा एक तास! पाहुण्यांना "घ्या घ्या" म्हणायची शुद्ध कुठली? दोन्ही हातांनी खात सुटले. कझी, जर्दाळू, सॅलड, पुन्हा कझी. शारबानूबाईंनी मीठ मागितलं तर ह्यांनी तोंड भरलेलं असल्याने नुसतं बोट दाखवलं. दुसरीकडे तुर्सिनबेक व्याही. त्यांच्या ताटात मी जे वाढलं ते तसंच. बाउर्साक उचलायचे, वास घ्यायचे, "वा, वा" म्हणायचे आणि हळूच ह्यांच्या ताटात सरकवायचे. ते सकाळपासून मरमरून मी तळलेले कणकेचे बाउर्साक! हे खाली बघून तेही खात होते.

मला असा संताप आला! आमचं अन्न काय विटाळलेलं आहे? आणि शारबानूबाई ह्यांच्याकडे अशा बघत होत्या, की उपाशी गावातून उठून आलोय असं मलाच वाटायला लागलं. मी स्वयंपाकघरात गेले तर अक्मारल भिंतीला टेकून उभी.

"आई, ते काहीच खात नाहीयेत."

"प्रवासाने दमलेत गं."

"आणि बाबा सगळ्यांचं खातायत."

"तुझ्या बाबांना मी बघते. तू शेपटीकडे बघ."

शेपटी काय हो, तिच्या वेळेने शिजते. सहाची घंटा ह्यांच्या खिशात वाजली, तेव्हा कढईतली चरबी अजून जराशी कच्चीच होती. ह्यांनी हातातला जर्दाळू खाली ठेवला. तुर्सिनबेक व्याह्यांनी खिशाकडे बघितलं.

सव्वासहाला अक्मारलने ताट आणलं. पांढरीशुभ्र चरबी, काळीभोर कलेजी, पातळ कापलेली. ताट ठेवून ती चहाची किटली घेऊन दाराशी उभी राहिली. अपा म्हणाल्या, "चला, भरवा."

ह्यांनी एक तुकडा उचलला. "घ्या व्याहीबुवा, आधी तुम्ही. तुम्ही पाहुणे."

तुर्सिनबेक व्याह्यांनी दुसरा उचलला. "छे छे, असं कसं? मुलीचे वडील तुम्ही, मान तुमचा."

"आमच्या घरात पाहुण्याआधी आम्ही खात नाही."

तासभर कझी हाणून हे बोलताना लाज वाटली नाही.

"आणि आमच्याकडे मुलीच्या बापाआधी कोणी तोंड उघडत नाही."

"मी तर म्हणतो तुम्हीच."

"मी म्हणतो तुम्ही."

आधी आम्हाला सगळ्यांना वाटलं, काय ही अदब! शारबानूबाईंचा चेहरासुद्धा जरा सैल झाला. पण दहा वेळा झालं, पंधरा वेळा झालं. दोन चरबीचे तुकडे एकमेकांच्या तोंडाभोवती माशीसारखे घिरट्या घालत होते आणि दोन्ही तोंडं घट्ट मिटलेली. ह्यांच्या मनगटावरून चरबी ओघळून कोपरापर्यंत गेली. मला तेव्हा कळलं. मी घड्याळाकडे बघितलं.

"खा रे आता!" अपा ओरडल्या.

ह्यांनी तुकडा परत ताटात ठेवला.

ठेवला हो! ताटात परत!

दाराशी किटलीचं झाकण खडखडलं. शारबानूबाईंनी खांद्यावरून घसरलेला रुमाल नीट केला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, उठा. समजलं आपल्याला."

"नाही नाही, विहीणबाई, तसं नाही!" हे घाबरून उभेच राहिले. "सहा वाजून गेले ना. माझी खिडकी बंद झाली. बासष्टावा दिवस आहे. आणि ही शेपटीची चरबी, शंभर ग्रॅमला नऊशे कॅलरी..."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मुलीच्या लग्नाचा घास, आणि हा माणूस ग्रॅम सांगतोय!

आता तुर्सिनबेक व्याही उठून चपला घालणार, असं मी धरून चालले होते. पण त्यांनीही हातातला तुकडा खाली ठेवला आणि त्यांचं तोंड असं उजळलं, जसं भावाचं पत्र यावं.

"किती तासांचा तुमचा?"

"सोळा-आठ. का?"

"माझा अठरा-सहा! चारलाच खिडकी बंद होते. देवाशपथ, मी मघापासून विचार करतोय, हे आता खायचं कसं."

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. आल्यावर मारली होती तिच्या दुप्पट घट्ट.

"अहो!" शारबानूबाई किंचाळल्या. "मला तर सांगता, इंजिनावरून उतरलो की कॅन्टीनमध्ये जेवतो म्हणून!"

"सप्टेंबरात तपासणी आहे गं. वजन उतरलं नाही तर मला इंजिनावरून उतरवतील. तुला सांगितलं असतं तर तू मला जगू दिलं नसतंस."

त्या माणसाला निदान कारण तरी होतं. आमच्या माणसाला खोगीर हवं होतं.

पण ऐकतंय कोण? दोघं शेजारी शेजारी बसले, फोन काढले. तुमचा कंपू कुठला, आमचा कुठला. कोऱ्या चहात लिंबू चालतं की नाही. उकडलेल्या कणकेवर व्याह्यांचंही मत ह्यांच्यासारखंच निघालं. ताट तिथेच. चरबीवर पांढरी साय धरायला लागली होती.

"मग असं करू," हे एकदम उत्साहात आले. "उद्या सकाळी! दहाला दोघांच्या खिडक्या उघड्या असतील."

"उद्या मी ड्युटीवर आहे. रात्री नऊची गाडी पकडायची आहे आम्हाला."

"मग फोनवर करू की! समोरासमोर दिसतो आपण. तुम्ही तिकडे खा, मी इकडे खातो. अक्मारल तुम्हाला डब्यात बांधून देईल."

तुर्सिनबेक व्याही चक्क विचार करायला लागले.

मी दाराकडे बघितलं. माझी मुलगी रडत नव्हती. ती किटली दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. किटली गरम होती, तिला चटका बसत असणार, पण तिला त्याचं भान नव्हतं. ती बापाकडे बघत होती. बाप फोनकडे बघत होता.

मी उठले. ताट उचललं आणि शारबानूबाईंसमोर गुडघ्यावर बसले. खरं सांगते, ती बाई मला तेव्हाही आवडत नव्हती.

"विहीणबाई, तुमची खिडकी उघडी आहे का?"

त्यांनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. मग बाह्या वर सारल्या.

"मला भूक लागली की मी जेवते. आणा इकडे."

मी चरबीचा सगळ्यात जाड तुकडा घेतला, त्यावर कलेजी ठेवली आणि त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी माझ्या तोंडात घातला. इतका मोठा, की गालातून बाहेर येत होता, बदला घेतल्यासारखा. दोघी एकमेकींकडे बघत चावत होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते घास मोठा होता म्हणून की काय, देव जाणे. माझ्याही आलं. एक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या, "लग्न सप्टेंबरपर्यंत लांबवायला नको. ऑगस्टमध्येच करू." मी मान हलवली.

तेव्हा कुठे ह्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"अगं, थांबा! मी पण खातो! अपा, मी खातो ना!"

ह्यांनी ताटाकडे हात घातला. पण अपांनी तोवर दोन्ही तळवे उघडून धरले होते.

"दुआ सुरू झाली सापारगाली. हात मागे घे."

दुआ सुरू झाली की त्या ताटाला कोणी हात लावत नाही. अपांनी मुलांचं घर उजळो म्हटलं, नातवंडं मागितली, दोन्ही घरांची चूल पेटती राहो म्हटलं. दोन्ही व्याह्यांची नावं घ्यायच्या जागी त्यांनी झामाल आणि शारबानू अशी आमची नावं घेतली. "आमीन," सगळे म्हणाले. ह्यांनीही तोंडावरून तळवे फिरवले. शारबानूबाईंनी किझिलोर्दाहून ह्यांच्यासाठी आणलेला सोनेरी नक्षीचा चापान उलगडला, जरा घुटमळल्या, आणि माझ्या खांद्यांवर घातला. तो भला मोठा पुरुषी कोट घालून मी सगळ्यांना मांस वाढलं. आम्ही तिघी आणि अक्मारल पोटभर जेवलो. दोघे पुरुष कोरा चहा पीत बसले, आणि हळूहळू दोघांनीही फोन बाजूला ठेवले.

ह्यांचा भाचा गाडी घेऊन आला आणि पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेला. शारबानूबाईंनी जाताना अक्मारलला जवळ घेतलं ते बराच वेळ सोडलं नाही. बाहेर अजून चांगला उजेड होता. अपा नमाजाला बसल्या. मी ताटं उचलत स्वयंपाकघरात आले तर हे ओट्यापाशी उभे.

"काय शोधताय?"

"काही नाही."

मग माझ्याकडे न बघता, "कसं लागलं गं ते?"

बोलणार होते मी खूप काही. दोन महिन्यांचं साठलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला. एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नाचा घास.

"गार झालं होतं," मी म्हटलं. "मीठ बरोबर होतं. पोरीने घातलं होतं."

ताटाच्या कडेला एक तुकडा उरला होता. ह्यांनी तो उचलला. पावणेनऊ वाजले होते, फोन शेजारीच पडला होता. ह्यांनी तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावला, अगदी शेवटपर्यंत. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, काहीतरी होईल म्हणून वाट बघितल्यासारखं.

काय होणार होतं? भरवणारं कोणी नव्हतं. नुसती चरबी होती ती.